दुधाच्या जिल्ह्यात कोरा चहा

अहमदनगर जिल्ह्याचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले. अहिल्यादेवींचा जन्म १७२५ मध्ये ज्या चौंडीत झाला, ते गाव याच जिल्ह्याच्या जामखेड तालुक्यातले. त्रिशताब्दीच्या निमित्ताने ६ मे २०२५ रोजी राज्य मंत्रिमंडळाची बैठकही तेथे भरली. या नामांतराचा आनंद आम्हाला झाला आणि तो लपविण्याचे कारण नाही. मात्र ज्या राज्यकर्तीने देशभर घाट, विहिरी, धर्मशाळा आणि अन्नछत्रे उभी केली, तिचे नाव जिल्ह्याला दिल्यानंतर एक प्रश्न विचारणे भाग पडते. या जिल्ह्यातील दोन वर्षांचे मूल सकाळी उठल्यावर काय खाते?

उत्तर शोधायला फार लांब जावे लागत नाही. पहाटे कोणत्याही गावाच्या डेअरीसमोर उभे राहावे. किटल्या येतात, फॅट आणि डिग्री लागते, टँकर भरतो आणि शहराच्या दिशेने निघून जातो. राज्यात आघाडीवर असलेल्या दूध उत्पादक जिल्ह्यांपैकी हा एक. आशियातील पहिला सहकारी साखर कारखाना विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून १९५० मध्ये याच मातीत, प्रवरेच्या काठी उभा राहिला. म्हणजे दूध येथले, साखरही येथली. आणि ज्या घरातून दोन किटल्या दूध आत्ता डेअरीत गेले, त्याच घरातील लेकरू ओट्यावर बसून कोऱ्या चहात बिस्किट बुडवून खात असते. दुधाचा पगार दहा दिवसांनी येतो, उचल फिटते, पशुखाद्याचे पैसे वळते होतात. लेकराच्या वाट्याचे पावशेर दूध या हिशेबात कोठेच धरलेले नसते. गाईच्या खुराकाचा खर्च मात्र पै-पैशाने मांडलेला असतो, कारण तिचे दूध कमी झालेले दुसऱ्याच दिवशी कळते. मुलाची वाढ खुंटलेली कळायला वर्षे जातात.

चहाचे दुष्परिणाम सौम्य आहेत अशी कोणाची समजूत असेल, तर ती सोडून द्यावी. चहातील टॅनिन अन्नातले लोह शरीराला मिळू देत नाही आणि साखर भूक मारते. त्यावर मैद्याचे बिस्किट म्हणजे पोट भरल्याचा निव्वळ आभास. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांपैकी ६८.९ टक्के मुले रक्तक्षयी आढळली. त्याआधीच्या फेरीत हा आकडा ५३.८ होता. वयाच्या मानाने उंची कमी असलेली, म्हणजे खुरटलेली मुले ३५.२ टक्के, आणि उंचीच्या मानाने वजन कमी असलेली २५.६ टक्के. या दुसऱ्या आकड्याची देशाची सरासरी १९.३ आहे. पुढारलेले राज्य म्हणून मिरविणारा महाराष्ट्र येथे देशाच्याही मागे आहे. आणि शंभरातील एकोणसत्तर मुले रक्तक्षयी असतील, तर ती सगळी पाड्यावरची आणि पालावरची असू शकत नाहीत, हे समजायला गणिताची पदवी लागत नाही. त्यात आपल्या सदनिकांमधली, इंग्रजी बालवाडीत जाणारी, वाढदिवसाला केक कापणारी मुलेही आहेत.

या आकड्यांवर एक ठरलेले उत्तर असते. ‘आपली माणसे मुळातच लहान चणीची. परदेशी मोजपट्टी आपल्याला कशाला?’ स्वाभिमानाचा मुलामा दिलेले हे उत्तर मुळात आत्मावमानाचे आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये प्रसिद्ध केलेले वाढीचे तक्ते केवळ गोऱ्या मुलांवरून तयार झालेले नाहीत. ब्राझील, घाना, नॉर्वे, ओमान आणि अमेरिकेबरोबर दिल्लीतील मुलेही त्या अभ्यासात होती. निष्कर्ष स्वच्छ होता. आईचे दूध, वेळेवर पुरेसा वरचा आहार आणि आजारपणात उपचार मिळाले, तर पहिल्या पाच वर्षांत भारतीय मूल नॉर्वेच्या मुलाच्या बरोबरीने वाढते. आपले बाळ जन्मतःच खुजे आहे असे मानण्यात कसला आला स्वाभिमान?

वाढीचे गणित समजून घेतले तर नेमके कोठे चुकते तेही दिसते. जन्मवेळचे वजन साधारण पाचव्या महिन्यात दुप्पट आणि वर्षाच्या अखेरीस तिप्पट व्हावे लागते. पन्नास सेंटिमीटरचे बाळ वर्षात पाऊणशे सेंटिमीटरचे होते. पुन्हा आयुष्यात कधीही माणूस या वेगाने वाढत नाही. पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज काहीही लागत नाही, पाणीदेखील नाही. सहा महिन्यांनंतर मात्र ते एकटे पुरत नाही आणि आपल्याकडची घसरण नेमकी येथे सुरू होते. बाळाचे पोट एवढेसे, गरज मोठी. अशा वेळी आपण त्याला देतो काय, तर वरणावरचे पाणी, भाताची पातळ पेज आणि चहा-बिस्किट. पोट पाण्याने भरते, वाढीला काहीच उरत नाही. मऊ पण घट्ट, चमच्यातून ओघळणार नाही असा भात, त्यात दाट वरण, वर चमचाभर तूप किंवा तेल, जोडीला कुस्करलेले केळे किंवा शिजवून मऊ केलेली भाजी आणि हे दिवसातून तीन-चार वेळा. एवढ्यावर काम भागते. या सर्वेक्षणानुसार देशातील सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांपैकी अवघ्या ११.३ टक्के मुलांना पुरेसा आहार मिळत होता. उरलेल्या ८८ जणांची घरे सगळीच दरिद्री होती काय?

या पोकळीतच बाजार घुसला आणि तो आज घुसलेला नाही. सिसिली विल्यम्स या डॉक्टर बाईंनी १९३९ मध्ये सिंगापूरच्या रोटरी क्लबात ‘दूध आणि खून’ या शीर्षकाचे भाषण दिले. आईचे दूध तोडून गोड डब्याचे दूध पाजायला लावणारा प्रचार म्हणजे मनुष्यवध होय, असे त्यांनी व्यापाऱ्यांच्या तोंडावर सांगितले. १९७७ मध्ये नेस्ले कंपनीविरुद्ध अमेरिकेत बहिष्काराची चळवळ उभी राहिली. १९८१ च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य परिषदेत बालदुधाच्या जाहिरातबाजीला आळा घालणाऱ्या आचारसंहितेवर मतदान झाले, तेव्हा ११८ राष्ट्रे बाजूने होती आणि एक विरोधात. ते एक राष्ट्र होते अमेरिका! मानवाधिकारांवर जगाला प्रवचने देणाऱ्या देशाने तान्ह्या बाळांच्या प्रश्नावर कंपन्यांची बाजू घेतली, याची नोंद असलेली बरी.

भारताने १९९२ मध्ये स्वतंत्र कायदा केला आणि २००३ मध्ये तो आणखी कडक केला. दोन वर्षांखालील बाळांसाठीच्या दूधपर्यायांची आणि बालाहाराची जाहिरात करता येत नाही, डब्यावर आईचे वा बाळाचे चित्र छापता येत नाही, डॉक्टरांना भेटवस्तू देता येत नाहीत. जगातील उत्तम कायद्यांपैकी हा एक गणला जातो. तरीही एप्रिल २०२४ मध्ये ‘पब्लिक आय’ ही स्विस संस्था आणि ‘आयबीफॅन’ हे आंतरराष्ट्रीय जाळे यांनी जे उघड केले, ते वाचून संताप यावा. नेस्लेचा सेरेलॅक ब्रिटन-जर्मनीत वरची साखर न घालता विकला जात होता. भारतात तपासलेल्या नमुन्यांत मात्र एका वेळच्या खाण्यामागे सरासरी २.७ ग्रॅम साखर घातलेली आढळली. दोन वर्षांखालील मुलाला वरची साखर अजिबात देऊ नये, असे आरोग्य संघटना सांगते. आम्ही भारतीय नियमांचे पालन करतो, असा कंपनीचा खुलासा आला. खुलासा खोटा नव्हता, कारण आपल्या नियमांत साखरेला वाव होताच. ओरड झाल्यावर त्याच वर्षी कंपनीने साखरविरहित प्रकार बाजारात आणण्याचे जाहीर केले. म्हणजे ते करता येत होते. गोऱ्या बाळासाठी आधीपासून केलेही जात होते. हा भेद वसाहतीच्या काळातला नाही, कालपरवाचा आहे.

थोड्या मोठ्या मुलांसाठी दुसरे सोंग आहे. दुधात टाकायची तपकिरी पावडर आणि त्यामुळे उंची वाढते, बुद्धी वाढते, ताकद येते असा गजर. १० एप्रिल २०२४ रोजी केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्रेत्यांना अशी पेये ‘हेल्थ ड्रिंक’ या सदरातून काढण्याची सूचना दिली. अन्नसुरक्षा कायद्यात ‘हेल्थ ड्रिंक’ अशी व्याख्याच नाही, असे राष्ट्रीय बालहक्क आयोगाने त्याआधी निदर्शनास आणले होते. त्याच महिन्यात हॉर्लिक्सच्या वेष्टनावरचे ‘हेल्थ’ गळाले आणि ‘फंक्शनल’ नावाचा नवा टिळा लागला. पिढ्यान् पिढ्या आपल्या सुशिक्षित मातांनी ज्या शब्दावर विश्वास ठेवून महिन्याच्या किराण्यात तो डबा लिहिला, त्या शब्दाला कायद्याचा आधारच नव्हता. पावडर दुधात जाते आणि दूध पोटात जाते; वाढ होते ती दुधाने, श्रेय घेते पावडर.

येथवर वाचून आमचा वाचक माना डोलावत असेल. आता थोडे त्याच्याच घरात डोकावू. आपल्याकडे सहाव्या महिन्यात उष्टावण करतात. डॉक्टर आज जे वय सांगतात, तेच वय आपल्या संस्काराने केव्हाच धरलेले आहे, आणि हे सांगताना आम्हाला अभिमान वाटतो. सोहळा थाटात होतो. चांदीची वाटी, सोन्याच्या अंगठीने चाटवलेली खीर, मामाची मांडी, छायाचित्रे. दुसऱ्या दिवसापासून काय? दुसऱ्या दिवशी डबा फुटतो. आजी घरात असली तरी तिला ‘तुमच्या काळातले आता चालत नाही’ असे ऐकवले जाते. नाचणी भिजवून, मोड आणून, वाळवून, दळून तिचे सत्त्व करणाऱ्या त्या हातांना विज्ञान कळत होते. मोड आल्याने पेज पातळ राहते, त्यामुळे तेवढ्याच वाटीत जास्त पीठ घालता येते आणि बाळाला जास्त ताकद मिळते. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. तेवढ्याच गाईच्या दुधाच्या जवळजवळ तिप्पट. तीच नाचणी आता ‘मिलेट’ नावाने रंगीत पाकिटात चौपट भावात घेतली की मात्र ती आधुनिक ठरते.

मूल जेवत नाही म्हणून समोर मोबाइल धरायचा हा दुसरा प्रकार. पडद्याकडे डोळे लावून उघडलेल्या तोंडात घास ढकलले जातात. भूक आणि तृप्ती दोन्ही त्या मुलाला कळेनाशा होतात. दोन वर्षांच्या आत पडदा नकोच, असे आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगून ठेवले आहे. ‘आमच्या बाळाला काही आवडतच नाही’ हे वाक्य ज्या घरात ऐकू येते, त्या घरात बाळाला दोन जेवणांमध्ये काय काय चारले जाते, याची एक दिवस वही ठेवून पाहावी.

परंपरेच्या नावाखाली जे चुकते, तेही आम्ही झाकणार नाही. बाळंतिणीचा चीक ‘जड’ म्हणून पिळून टाकायचा, पहिले तीन दिवस बाळाला मध वा साखरपाणी चाटवायचे, बाळंतिणीला पाणी आणि भाज्या तोडायच्या, हे आजही घडते. हा धर्म नव्हे. तो चीक म्हणजे बाळाची पहिली लस आहे. आपल्याच काश्यपसंहितेत ‘फक्क’ या रोगाचे वर्णन आहे. वर्ष होऊनही पायांवर न उभे राहणारे, मोठ्या पोटाचे, काड्यांसारख्या हातापायांचे मूल. त्याची तीन कारणे तेथे सांगितली आहेत. दुधाचा दोष, आजार, आणि तिसरे म्हणजे आईला पुन्हा दिवस गेल्याने अंगावरचे दूध तुटणे. याच सिसिली विल्यम्स यांनी १९३५ मध्ये आफ्रिकेतील घानातून ‘क्वाशिओरकोर’ हा रोग वैद्यकविश्वापुढे मांडला. तेथील भाषेत त्या शब्दाचा अर्थ, धाकटे भावंड आल्याने जागेवरून हटवलेल्या मुलाचा आजार. आपल्या ऋषींनी ओळखलेली गोष्ट विसाव्या शतकात पुन्हा शोधली गेली म्हणून छाती फुगविणे सोपे आहे. दोन मुलांत तीन वर्षांचे अंतर ठेवणे, मुलीचे लग्न अठराच्या आधी न लावणे, हे त्या ग्रंथाचे खरे वाचन ठरेल. अशक्त, कोवळ्या आईच्या पोटी सुदृढ बाळ यावे ही अपेक्षा तरी कशी करायची?

आता सरकारकडे वळू. एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. तिला पन्नास वर्षे झाली. कल्पना उत्तम. गावात अंगणवाडी, मुलाचे दरमहा वजन, शिजवलेला आहार, आईला सल्ला. तिची वाताहत केली ती ठेकेदारीने. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००४ मध्ये अंगणवाडीच्या आहारात ठेकेदार नकोत, काम गावाला, बचत गटांना आणि महिला मंडळांना द्या, असे बजावले. आपल्या राज्याने काय केले? महिला संस्थांची नावे पुढे आली आणि मोठमोठ्या यंत्रांतून शिरा, उपमा, सुकडीची पाकिटे बाहेर पडू लागली. फेब्रुवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्याच्या घरपोच आहाराच्या निविदा रद्द केल्या, कारण त्यांच्या अटी लहान बचत गटांना दाराबाहेर ठेवणाऱ्या होत्या. सरकारे या काळात दोन्ही बाजूंची आली आणि गेली. पाकीट कोणी हलविले नाही. मुले ते खात नाहीत, ते गोठ्यात जाते, हे अंगणवाडीताईपासून जिल्हा परिषदेपर्यंत सगळ्यांना ठाऊक असते. २०१७ मध्ये केंद्राने एका मुलाच्या दिवसाच्या पूरक आहारासाठी ठरविलेला दर होता आठ रुपये. तीव्र कुपोषितासाठी बारा. त्या आठ रुपयांतही ज्यांना नफा दिसतो, त्यांच्या दृष्टीला काय म्हणावे?

आणि सहा महिने निव्वळ अंगावर पाजा, असा उपदेश ज्या बाईला केला जातो, ती दीड महिन्यात खुरपणीला जाते. संघटित क्षेत्रातील नोकरदार मातेला २०१७ पासून २६ आठवड्यांची भरपगारी रजा आहे. शेतमजूर बाईला पहिल्या बाळासाठी मातृवंदनेचे पाच हजार रुपये, तेही कागदपत्रे जुळली तर. मातेचा गौरव करणाऱ्या समाजाने हा फरक निमूटपणे मान्य केला आहे.

पर्याय याच जिल्ह्यात आहेत, म्हणून चीड अधिक येते. जिल्ह्याच्या पश्चिमेला अकोले तालुका. कळसूबाई, हरिश्चंद्रगड, भंडारदरा. पर्यटकांना काजवे दिसतात. महादेव कोळी आणि ठाकर वस्त्यांमधली लेकरे दिसत नाहीत. त्याच तालुक्यात कोंभाळणे गावात राहीबाई पोपेरे राहतात. शाळेचे तोंड न पाहिलेल्या या बाईंनी नातवाच्या आजारपणाने अस्वस्थ होऊन फवारणीच्या अन्नाकडे संशयाने पाहिले आणि गावठी बियाणी जमवायला सुरुवात केली. घेवडा, वाल, नागली, भाताचे जुने वाण, रानभाज्या. ‘बाएफ’ संस्थेची साथ मिळाली, बियाण्यांची बँक उभी राहिली आणि २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. परसबागेतली दहा प्रकारची भाजी म्हणजे घरातल्या बाळाचा आहार, हा त्यांचा साधा विचार. आम्ही त्यांचा सत्कार केला, शाली दिल्या, छायाचित्रे काढली. अकोल्यातल्या अंगणवाडीच्या पातेल्यात अकोल्याचीच नागली आणि वाल जावा, हा निर्णय मात्र होत नाही. कारण तो झाला तर पाकिटांच्या गाडीचे काय करायचे?

आदिवासी भागात २०१५ पासून अमृत आहार योजनेत गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचे ताजे जेवण आणि मुलांना अंडी किंवा केळी देतात. ज्याला चालते त्याला अंडे, ज्याला चालत नाही त्याला केळे, अशी सोय असताना अंड्यावरून वाद घालणाऱ्या आमच्याही काही मित्रांना सांगावेसे वाटते की, ज्या घरात शतकानुशतके मासे-खेकडे खाल्ले जातात, तेथील मुलाच्या ताटातले अंडे काढणे हे कोणतेही पुण्यकर्म नाही.

जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला जामखेड. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दाम्पत्य १९७० मध्ये तेथे आले. गावकऱ्यांनी आधी औषध मागितले नाही. पाणी आणि अन्न मागितले. आरोळ्यांनी ते ऐकले. विहिरी-कूपनलिका झाल्या, मुलांसाठी गावची स्वयंपाकघरे चालली आणि गावातल्याच, बहुतेक निरक्षर, कित्येकदा दलित बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले गेले. त्या घरोघर जाऊन मुलांची वजने करीत, आईशी तिच्याच बोलीत बोलत. सुरुवातीला त्या गावांत हजारी पावणेदोनशेच्या आसपास असलेला बालमृत्यूचा दर १९९० च्या दशकात तीसच्या खाली आला. १९७९ मध्ये या दाम्पत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ते श्रद्धेने ख्रिस्ती होते. मिशनऱ्यांच्या धर्मांतराविषयी या नियतकालिकाची भूमिका जाणणाऱ्या वाचकाला हा उल्लेख खटकू शकेल, खटकू दे. गावच्या बाईच्या हाती तराजू दिला की मूल वाचते, हे ज्यांनी सिद्ध केले त्यांचे ऋण मान्य करायलाच हवे. खंत एवढीच की पाच दशकांत चौंडीच्या शेजारचा हा धडा शासनाने जिल्हाभर गिरवला नाही. उलट अंगणवाडीताईच्या हाती मोबाइल दिला आणि तिचा दिवस माहिती भरण्यात घालवला. डिसेंबर २०२३ मध्ये या ताई मानधनासाठी संपावर गेल्या, तेव्हा मुलांची वजने थांबली म्हणून किती गावे अस्वस्थ झाली?

राहता राहिला ऊसतोडीचा प्रश्न. पाथर्डी, शेवगाव, जामखेडच्या टोळ्या दिवाळीनंतर उचल घेऊन निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. पाच महिने लेकरू खोपीत. त्याचे नाव गावच्या अंगणवाडीत, ते स्वतः कारखान्याच्या तळावर. पहाटे चारला फडात गेलेली आई परत येईपर्यंत त्याला सांभाळणारी बहीण स्वतः सात वर्षांची असते. कारखान्याच्या काट्यावर उसाच्या गाडीचे वजन दोनदा होते, भरलेली आणि रिकामी, आणि किलोचाही फरक पडला तर तंटा होतो. त्या तळावर राहणाऱ्या बाळाचे वजन हंगामात किती वेळा झाले, हा प्रश्न संचालक मंडळाला विचारण्याचा अधिकार सभासदाला आहे. आमच्या वाचकांत असे सभासद शेकड्यांनी आहेत. गळीत हंगामाआधी वार्षिक सर्वसाधारण सभा होते. तळावर पाळणाघर, एक तराजू, एक शिकलेली बाई आणि दिवसातून तीन वेळा ताजे शिजवलेले अन्न यांचा ठराव तेथे लेखी मांडावा, आणि तो इतिवृत्तात नोंदवून घेतल्याशिवाय सभागृह सोडू नये.